शाळा गावात, हुकूम कुठून? : तुळजापूरच्या सरकारी शाळांची गोष्ट

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालात की तामलवाडीच्या आसपास जिल्ह्याची हद्द ओलांडली जाते. ओलांडली हे कळतही नाही. रस्ता तोच, ज्वारी-सोयाबीनची शेतं तीच, दोन्हीकडची माणसं एकमेकांचे सोयरे. पण शाळांच्या पाट्या वाचत गेलात तर एक फरक हळूहळू लक्षात येईल. सोलापूरच्या बाजूला जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुतेक वेळा ‘प्राथमिक शाळा’. सातवी-आठवी झाली की पुढचं हायस्कूल कुठल्या तरी खासगी शिक्षण संस्थेचं. धाराशिवच्या बाजूला मात्र मोठ्या गावात ‘जिल्हा परिषद प्रशाला’ अशी पाटी भेटते. म्हणजे दहावीपर्यंतचं हायस्कूल, आणि तेही जिल्हा परिषदेचं.

‘प्रशाला’ हा शब्द सोलापुरातही आहे. हरिभाई देवकरण प्रशाला माहीत नाही असा सोलापूरकर शोधून सापडायचा नाही. पण ती खासगी संस्थेची. ‘जिल्हा परिषद’ आणि ‘प्रशाला’ हे दोन शब्द एका पाटीवर सर्रास दिसायला लागले की समजायचं, आपण मराठवाड्यात आलो. म्हणजेच, जुन्या निजामाच्या राज्यात आलो.

मी स्वतः तुळजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पुढे इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. शाळेत असताना ती पाटी रोज बघितली, पण आपल्या शाळेचा मालक नेमका कोण, हा प्रश्न कधी पडला नाही. शिक्षक सरकारचे, खोल्या गावाच्या, पाटीवर नाव जिल्ह्याचं आणि पुस्तक पुण्याच्या बालभारतीचं. या चौघांपैकी शाळा कुणाची? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे दर दोन पिढ्यांनी बदललेलं आहे. आणि सध्या ते पुन्हा बदलतंय, म्हणून ही गोष्ट सांगायची.

सात वर्षांचा हुकलेला इतिहास

१८५३ साली निजामाने ईस्ट इंडिया कंपनीचं थकलेलं देणं भागवण्यासाठी काही मुलूख कंपनीच्या हवाली केला. वऱ्हाड आणि रायचूरचा दोआब सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच करारात नळदुर्ग-धाराशिवचा भागही होता. तुळजापूर त्यातच आलं. या नव्या जिल्ह्याचा कारभार बघायला मेडोज टेलर हा अधिकारी आला. ‘ठगाची जबानी’ म्हणून आपण ज्या कादंबरीचं नाव ऐकतो, तिचा हा लेखक. त्याची ‘तारा’ नावाची कादंबरी तर तुळजापुरातच सुरू होते.

कंपनीचा अंमल जेमतेम सात वर्षं टिकला. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याचं बक्षीस म्हणून १८६० साली हा भाग त्याला परत मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं.

इतिहासात ‘जर-तर’ला अर्थ नसतो म्हणतात. तरीही कल्पना करून बघा. १८६० मध्ये तो मुलूख परत गेला नसता, तर तुळजापूर बहुधा सोलापूरला जोडलं गेलं असतं, मुंबई इलाख्यात राहिलं असतं, आणि इथली शाळा पुढे ‘लोकल बोर्डाची शाळा’ झाली असती. तसं झालं नाही. हद्दीची ती अदृश्य रेघ तिथेच राहिली आणि दोन्हीकडच्या पोरांचं नशीब पुढची ८८ वर्षं वेगवेगळं लिहिलं गेलं.

रेघेच्या पलीकडे: बोर्डाची शाळा

‘स्कूल बोर्ड’ ही मूळची इंग्लंडची कल्पना. १८७० च्या कायद्याने तिथे गावोगाव लोकांनी निवडून दिलेली शाळा मंडळं आली. विशेष म्हणजे पार्लमेंटसाठी मत देता येत नव्हतं त्या काळात बायकांना या मंडळांसाठी मत देता येत होतं, निवडणूकही लढवता येत होती. इंग्लंडने १९०२ मध्ये ही मंडळं मोडली. अमेरिकेत ती आजही आहेत. तिथल्या ग्रामीण भागात काऊंटीचं शाळा मंडळ म्हणजे स्थानिक राजकारणाचा मोठा आखाडा असतो.

आपल्याकडे १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे द्यावं अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डं आली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा ताबा या संस्थांकडे गेला. पुढे १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची नवी घडी बसली. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शाळा हवी असेल, मास्तर येत नसेल, छप्पर गळत असेल, तर भांडायला एक ठिकाण होतं. तिथे बसलेली माणसं श्रीमंत, उच्चवर्णीय, वजनदार असतील; पण ती जिल्ह्यातली होती आणि त्यांना कधी तरी मतं मागायला यावं लागत होतं.

हे चित्र फार गोड करून घ्यायला नको. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. स्थानिक संस्थांनी त्याकडे इतकं दुर्लक्ष केलं की १९२६ मध्ये बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला: जी नगरपालिका किंवा बोर्ड अंमलबजावणी करणार नाही, तिचं अनुदान थांबवा. महाडचा सत्याग्रह त्याच्या पुढच्याच वर्षीचा.

अमेरिकेतही हेच दिसतं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या खटल्याचं नावच ‘ब्राऊन विरुद्ध टोपेका शिक्षण मंडळ’ असं आहे. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काऊंटीने तर काळ्या मुलांना गोऱ्यांबरोबर बसवावं लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. सत्ता गावाजवळ आली म्हणजे ती आपोआप न्यायाची होत नाही. गावात ज्याचा वाडा मोठा, त्याच्याकडे ती आधी जाते. हे लक्षात ठेवूनच पुढची गोष्ट वाचा.

रेघेच्या अलीकडे: तहतानिया, वस्तानिया, फौकानिया

तुळजापूरच्या बाजूला बोर्डबिर्ड काही नव्हतं. शाळा हैदराबादच्या शिक्षण खात्याची. खात्याचा प्रमुख ‘नाझिम तालीमात’, जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी ‘मोहतमीम तालीमात’. प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, माध्यमिक वस्तानिया आणि हायस्कूल फौकानिया. हुकूम वरून खाली येत. खालून वर जायचा तो अर्ज.

यात भाषेचा मुद्दा सगळ्यात मोठा. संस्थानातली साधारण निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड. उर्दू मातृभाषा असलेले दहातले एक. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथे विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंग सगळं उर्दूतून शिकवायला सुरुवात झाली. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं उभं केलं. इंग्रजीची गुलामी न पत्करता भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग खरोखर धाडसी होता. आज मराठीतून इंजिनिअरिंगची चर्चा होते, तेव्हा उस्मानियाची आठवण यायला हवी.

पण तुळजापूरच्या कुणब्याच्या पोराला त्याचा उपयोग काय? सुरुवातीची चार बुकं मराठीतून शिकायची आणि वर चढायला लागलं की भाषाच बदलायची. त्यामुळे वर चढणारेच कमी. माझी पिढी हे वेगळ्या रूपात जगली आहे. दहावीपर्यंत ‘ऊर्जा’ आणि ‘त्वरण’ शिकायचं आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी फळ्यावर ‘एनर्जी’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’ बघून गप्प बसायचं. हुशारी तीच असते, फक्त जिन्याची वरची पायरी दुसऱ्याच्या भाषेत असते. निजामाच्या राज्यात ती पायरी चौथीनंतरच लागायची.

त्यात संस्थानातला बराच मुलूख जहागिरदारांचा. तिथे शाळा काढायची की नाही, हे जहागिरदाराच्या मर्जीवर. लोकांनी स्वतः शाळा काढायची म्हटलं तर खासगी शाळेलाही परवानगी लागे, आणि परवानगी मागणाऱ्याकडे संशयाने बघितलं जाई. सभा घ्यायलाही परवानगी, वाचनालयावरही नजर. परिणाम आकड्यात दिसतो. १९५१ च्या जनगणनेत, म्हणजे निजामी संपून तीन वर्षं झाल्यावरही, हैदराबाद राज्यात दहांपैकी एकालाही धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

ज्यांना झेपत होतं त्यांनी रेघ ओलांडली. सोलापूर, बार्शी, पुणे. पंचेचाळीस किलोमीटरवर दुसरं राज्य, दुसरी भाषा, दुसरी शाळा. ज्यांना झेपत नव्हतं ते घरीच राहिले. ज्यांना गावच्या शाळेतही आत बसू दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी तर रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

हिप्परग्याची शाळा

या सगळ्यात एक अपवाद आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला. आजच्या लोहारा तालुक्यातलं हिप्परगा. असहकार चळवळीच्या वाऱ्यावर १९२१ साली तिथे राष्ट्रीय शाळा निघाली. खेड्यातली, मराठी माध्यमाची, सरकारी मदतीशिवाय चालणारी. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण तिथे मुख्याध्यापक म्हणून आला. तिथे असतानाच त्याने संन्यास घेतला आणि त्याचं नाव झालं स्वामी रामानंद तीर्थ.

पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व स्वामीजींनी केलं, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्या लढ्याची माणसं कुठे तयार झाली, हे बघायला गेलात तर तुम्ही शाळांमध्ये पोहोचता. हिप्परगा, मग अंबाजोगाईची योगेश्वरी, औरंगाबादची सरस्वती भुवन, गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय, खुद्द हैदराबादची विवेकवर्धिनी. राजकीय पक्ष काढायला बंदी होती, तेव्हा लोकांनी शाळा काढल्या. १९३७ ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हाही मातृभाषेतलं शिक्षण हा कळीचा विषय होता. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांतले कित्येक नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले. त्या पोरांमध्ये एक पी. व्ही. नरसिंह राव होते.

हिप्परग्याचा धडा असा की गावाने मनावर घेतलं तर शाळा उभी राहते. पण त्याच धड्याची दुसरी बाजूही आहे. अशी शाळा एका गावात उभी राहते. शेजारच्या पन्नास गावांत तिच्यासारखी दुसरी उभी राहत नाही. पन्नास गावांसाठी सरकारच लागतं.

सप्टेंबर १९४८

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. पहिली मोठी चकमक नळदुर्गला झाली. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. आपण तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि करायलाच हवा. रझाकारांनी या भागात जे केलं ते विसरण्यासारखं नाही. त्याच वेळी हेही सांगायला हवं की त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर मोठा हिंसाचार झाला, आणि केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं.

शाळांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एका वाक्यात येतात: राज्यकर्त्यांची भाषा एका रात्रीत घाबरलेल्या लोकांची भाषा झाली. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांना उर्दू सफाईने वाचता यायची. सातबाऱ्यापासून कोर्टाच्या कागदांपर्यंत सगळं त्यांनी उर्दूत बघितलेलं. त्यांच्या मुलांना एक अक्षर येत नव्हतं. जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आजही आहेत, आणि त्या तशा आहेत हे चांगलंच आहे.

१९४९ मध्ये जहागिरी गेल्या. शाळा वाढल्या, मराठी माध्यम वर सरकलं. पण शाळांचा मालक बदलला नाही. त्या आधीही हैदराबादच्या खात्याच्या होत्या, नंतरही हैदराबादच्याच खात्याच्या राहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हुकूम मुंबईहून यायला लागले, एवढाच फरक. त्याच दिवशी बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले आणि जिल्हा अवाढव्य झाला.

१ मे १९६२

महाराष्ट्र झाला तेव्हा नव्या राज्यात गावच्या शाळेचे तीन प्रकारचे मालक होते. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा स्कूल बोर्ड. विदर्भात जनपद सभा. मराठवाड्यात थेट सरकार. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजी राज्यात २५ जिल्हा परिषदा एकदम सुरू झाल्या. तिन्ही प्रकारच्या शाळा एका छपराखाली आल्या.

पश्चिम महाराष्ट्रात या दिवशी एका संस्थेची जागा दुसऱ्या संस्थेने घेतली. मराठवाड्यात मात्र पहिल्यांदाच शाळेचा कारभार निवडून आलेल्या माणसांच्या हातात गेला. सोलापूरकरांनी जो प्रवास १८८४ पासून टप्प्याटप्प्याने केला, तो तुळजापूरकरांनी एका उडीत केला. आणि सरकारी शाळांबरोबर सरकारी हायस्कुलंही जिल्हा परिषदेकडे आली. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कुलं काढली होती ती कर्मवीरांच्या रयतसारख्या संस्थांनी. ती संस्थांकडेच राहिली. आपल्याकडे संस्था वाढूच दिल्या नव्हत्या, त्यामुळे जी काही हायस्कुलं होती ती सरकारची. सुरुवातीला जी पाटी बघितली, ‘जिल्हा परिषद प्रशाला’, तिचा उगम हा. निजामाने जे होऊ दिलं नाही, त्याचीच ती खूण आहे. पण गरिबाच्या पोराला फी न भरता दहावीपर्यंत नेणारी सोय म्हणून ती पुढे मराठवाड्याच्या उपयोगाला आली.

जिल्हा परिषदेत शिक्षण समिती आली, तिचा सभापती आला. तालुक्याला पंचायत समिती, तिथे गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी. तुळजापूरच्या माणसाला शाळेचं गाऱ्हाणं घेऊन हैदराबाद किंवा मुंबई गाठायची गरज उरली नाही. एसटीने धाराशिवला जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून कच्ची राहिली. अमेरिकेतली बरीच शाळा मंडळं स्थानिक मालमत्ता करावर चालतात. आपल्या जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न नावापुरतं. शिक्षकांचा पगार राज्याच्या अनुदानातून. घर मुलाच्या नावावर, पण किल्ली बापाच्या कनवटीला. हे नातं पुढे महाग पडणार होतं.

बदली नावाचं अस्त्र

पैसा नव्हता, तर सभापतीकडे सत्ता कसली होती? नेमणुकीची आणि बदलीची. ज्याने जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या घरात एक उन्हाळा काढलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मे महिना म्हणजे बदल्यांचा महिना. कुणाला मुलाबाळांसाठी तालुक्याचं गाव हवं असे, कुणाला नवरा-बायको एका ठिकाणी हवे असत, कुणावर सदस्याचा राग असे. शब्द टाकणारे, शब्द घेऊन येणारे, आणि शब्दाची किंमत सांगणारे. निवडणुकीत कुणाचं काम केलं, याची नोंद गावात होत असे आणि तिचा हिशेब मेमध्ये चुकता होत असे.

यात शाळेचं नुकसान झालं, हे खरंच आहे. पण याच काळात गावोगाव खोल्याही झाल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा पोहोचल्या. सदस्याला गावात मतं मागायला यायचं असे, आणि ‘आमच्या तांड्यावर शाळा कधी?’ हा प्रश्न त्याला टाळता येत नसे. एकाच माणसाच्या एका हातात बदलीचा कागद होता आणि दुसऱ्या हातात शाळेची मंजुरी.

१६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर तिकडे गेले. पुढे ‘लातूर पॅटर्न’ गाजला आणि उस्मानाबाद मागे राहिलेला जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ग्रामीण प्रश्नांच्या अभ्यासासाठी तुळजापूरलाच आवार उभारलं, त्यामागे हेच मागासलेपण होतं. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीतही महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपलं नाव आलं. शब्द गोड आहे. अर्थ तोच.

भूकंपानंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. केंद्र किल्लारीजवळ, पण उमरगा आणि लोहारा भागातली आपली गावंही जमीनदोस्त झाली. सास्तूरचं नाव आजही त्या पहाटेसाठी घेतलं जातं. पुनर्वसनात घरांबरोबर शाळाही नव्याने बांधल्या गेल्या, आणि त्या बांधताना जागतिक बँक, परदेशी देणगीदार, राज्य सरकार असे नवे हात आले.

योगायोग असा की लगेच पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यातल्या महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. केंद्राचा पैसा थेट जिल्ह्यातल्या शाळांसाठी येऊ लागला. १९९५ ला शालेय पोषण आहार आला: आधी महिन्याला तीन किलो तांदूळ, काही वर्षांनी शिजवलेली खिचडी. २००० च्या आसपास वस्तीशाळा निघाल्या, तुटपुंज्या मानधनावरच्या निमशिक्षकांच्या जिवावर. २००१ ला सर्व शिक्षा अभियान. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं. माझ्या वयाच्या ग्रामीण पोरांना शाळेत टिकवणारी यंत्रणा ती हीच. जिल्ह्यातली साक्षरता २०११ पर्यंत तीन चतुर्थांशांच्या वर गेली. साठ वर्षांत दहातल्या एकापासून चारातल्या तिघांपर्यंत. हे काम कुठल्या ॲपने केलेलं नाही. खडू धरणाऱ्या माणसांनी केलंय.

पण पैसा जसजसा वरून आला, तसा निर्णयही वर सरकत गेला. योजना दिल्लीची, निकष मुंबईचे, प्रशिक्षण पुण्याचं. शिक्षण समितीकडे उरल्या त्या बैठका.

पोर्टल आलं, सभापती गेला

२०१५ च्या सुमाराला ‘सरल’ आलं. प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन. २०१७ मध्ये शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकावर गेल्या. शाळांची ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशी विभागणी, शिक्षकांचे विशेष संवर्ग, बदलीपात्र, बदली-अधिकारपात्र असे गट, प्राधान्याचा क्रम, पसंतीची गावं. भरतीसाठी ‘पवित्र’ पोर्टल.

माझा धंदाच हा असल्यामुळे ते बदल्यांचे नियम मी आवडीने वाचले. नियम स्पष्ट आहेत, क्रम ठरलेला आहे, आणि पोर्टलला चहा पाजता येत नाही. वशिल्याशिवाय वीस वर्षं आडगावात काढलेल्या शिक्षिकेला तालुक्याजवळची शाळा मिळाली, तर ते त्या नियमांचं यश आहे. मे महिन्यातला तो बाजार बराचसा उठला.

तरीही एक गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असते: जी माहिती भरलीच नाही, तिचा विचार प्रोग्रॅम करत नाही. दोन शिक्षकी शाळेतून दोघं एकदम गेले तर पहिलीच्या पोरांचं काय होतं, हे रकान्यात बसत नाही. पूर्वी सभापतीच्या दारात जाऊन दहा माणसं आरडाओरडा करायची. सभापती लाचखाऊ असला तरी त्याला दार होतं. पोर्टलला हेल्पलाइन आहे.

त्यानंतर सभापतीच गेला. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाच्या वादात निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आता क्रम बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा होत्या १४ हजारांहून अधिक. विरोध झाल्यावर शाळा बंद करणार नाही, असं सरकारने सांगितलं. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे नवे निकष आले आणि पटाप्रमाणे शिक्षक मिळण्याची अट आणखी कडक झाली. गावच्या शाळेसाठी गेल्या कित्येक वर्षांतले हे सगळ्यात मोठे निर्णय. ते झाले तेव्हा ज्या सभागृहात त्यावर भांडायचं, ते सभागृहच अस्तित्वात नव्हतं. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये जिल्ह्याला परत मिळालं. जिल्हा परिषदेतल्या खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या.

पट का घटला, हा प्रश्न उरतोच. मुलं कमी झाली, लोक पुण्याला गेले. २०१२ च्या कायद्यानंतर स्वयंअर्थसहाय्यित शाळा वाढल्या आणि पिवळ्या बस वाडीपर्यंत यायला लागल्या. बापाला वाटतं, इंग्रजीत शिकला तर पोरगा पुढे जाईल. त्याला दोष कसा द्यायचा? जिन्याची वरची पायरी दुसऱ्याच्या भाषेत आहे, हे त्याने अनुभवलेलं असतं. पण बसची फी ज्याला परवडत नाही, त्याचं पोर त्या वीसपेक्षा कमी पटात असतं. आणि त्या पटात मुली जास्त असतात, हे गावात डोळ्यांनी दिसतं.

आता दार कुठे आहे?

शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर असा दिसतो. निजामाच्या काळात हुकूम हैदराबादहून यायचा आणि गावाने फक्त अर्ज करायचा. १९६२ ते साधारण २००० या चाळीस वर्षांत निर्णय जिल्ह्यात होत होता: भांडणाचा, वशिल्याचा, जातीचा, तरीही ओळखीच्या माणसांचा. आता तो पुन्हा लांब गेलाय. पूर्वीपेक्षा तो निःपक्षपाती आहे आणि पूर्वीपेक्षा बहिराही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, म्हणूनच ‘जुनं ते सोनं’ म्हणून सुटका होत नाही आणि ‘सगळं ऑनलाइन करा’ म्हणूनही होत नाही.

कायद्यात मात्र एक छोटं दार अजून उघडं आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, आणि शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. वर्गात किती शिक्षक कमी आहेत, किती खोल्या हव्यात, हे त्या आराखड्यात लिहायचं असतं. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, हेही आपल्या राज्याच्या नियमांत आहे. गावातली शाळा दुसऱ्या गावात विलीन करायची झाली तर पहिला प्रश्न याच अंतराचा आला पाहिजे, आणि तो विचारायचा अधिकार आधी या समितीचा आहे.

इंग्लंडने दीडशे वर्षांपूर्वी केलेलं ‘स्कूल बोर्ड’ आपल्या तुळजापुरात कधी आलंच नाही. या समितीच्या रूपाने ते गावाच्या पातळीवर आलंय, पण बहुतेक गावांत ते सह्यांपुरतं आहे. सचिव म्हणून मुख्याध्यापकच इतिवृत्त लिहितात आणि सही घ्यायला एखाद्या मुलाला घरी पाठवतात. आपल्यापैकी बरेच जण गाव सोडून पुण्या-मुंबईत, हिंजवडीत येऊन बसलोय. यात्रेला, नवरात्रात देवीला आपण जातो. पुढच्या वेळी गेलात की शाळेच्या भिंतीवर समितीच्या सदस्यांची नावं लावलेली असतात, ती वाचा. शेवटची बैठक कधी झाली, आराखड्यात काय मागितलंय आणि त्यातलं काय मिळालं, एवढं विचारा. रामानंद तीर्थांच्या काळात हेच प्रश्न विचारायला परवानगी काढावी लागायची.